नाणं हातात एक, फोटोत भलतंच : हे असं का होतं?

नाणी जमवणाऱ्या कुणाच्याही तोंडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. नाणं हातात धरून जरा तिरकं केलं की उजेड त्यावरून असा गरगरत जातो की नजर हटत नाही, आणि त्याच नाण्याचा फोटो काढला की समोर येतं एक निर्जीव राखाडी बटण. याच्या उलटही होतं. ऑनलाइन फोटोत निळं-जांभळं-सोनेरी झळकणारं चांदीचं नाणं बघून माणूस पैसे भरून मोकळा होतो आणि पाकीट उघडतो तर आत काळपट चकती. मग वादावादी. घेणारा म्हणतो फोटोत रंग भरलेत, विकणारा शपथेवर सांगतो की फोटोला हातही लावलेला नाही. आणि खरी गंमत ही की बरेचदा दोघंही खरं बोलत असतात.

ते कसं काय, हे समजून घ्यायचं तर कॅमेरा कुठला घ्यावा इथून सुरुवात करून काही उपयोग नाही. सुरुवात धातूपासून करावी लागते.

## फोटो नाण्याचा नसतोच, नाण्यात जे दिसतंय त्याचा असतो

कागद, कापड, भिंत यांच्यावर उजेड पडला की तो दाही दिशांना विखुरतो, म्हणून कागद कुठूनही बघा, जवळपास सारखाच दिसतो. आरशाचं तसं नाही. आरशाला स्वतःचं रूपच नसतं, समोर जे असेल ते तो दाखवतो. नाणं या दोघांच्या मधलं, पण आरशाच्या बरंच जवळचं. समजा एक आरसा फोडला आणि त्याचे हजारो बारीक कण वेगवेगळ्या कोनांत एका चकतीवर चिकटवले, तर काही कणांत दिवा दिसेल, काहींत छत, काहींत खिडकी, काहींत कॅमेऱ्याची काळी लेन्स. ज्यात दिवा दिसतो तो भाग लख्ख, ज्यात लेन्स दिसते तो काळा. म्हणजे आपण नाण्याचा म्हणून जो फोटो काढतो तो खरं तर त्या खोलीचा फोटो, नाण्याच्या उठावाप्रमाणे तुकडे करून मांडलेला.

मला हे कळलं ते फजिती झाल्यावर. चांदीचं एक नाणं टेबलावर मांडून फोटो काढत होतो, दर फोटोत नाणं किंचित गुलाबी. दिवा बदलला, सेटिंग बदललं, लेन्स पुसली, दुसऱ्या कॅमेऱ्याने काढून बघितलं, तरी गुलाबी ते गुलाबीच, शेवटी वैतागून उठलो आणि मागे सरकलो तर स्क्रीनवरचं नाणं एकदम पांढरंशुभ्र. अंगात लाल टी-शर्ट होता. मी कॅमेऱ्यावर वाकून बसलो होतो आणि चांदी इमानदारीत माझा शर्ट दाखवत होती. तेव्हापासून या कामाला काळा नाहीतर राखाडी शर्ट.

धातूचा हा त्रास आजचा नाही. वस्तुसंग्रहालयांच्या जुन्या छापील कॅटलॉगांमध्ये प्राचीन नाण्यांची जी चित्रपानं असतात, त्यातली कित्येक मुळात नाण्यांची नाहीतच. नाण्यावरून प्लास्टरची प्रतिकृती काढायची आणि तिचा फोटो घ्यायचा अशी पद्धत होती, ब्रिटिश म्युझियमच्या कॅटलॉगांतही तीच. प्लास्टर पांढरं, मॅट, उजेड शांतपणे विखुरणारं, त्यामुळे चेहरा आणि अक्षरं स्वच्छ यायची. फक्त धातू गायब व्हायचा. आणि आज आपल्यातले निम्मे लोक नकळत तेच करतात, खऱ्या नाण्याचं फोटोत प्लास्टर करून टाकतात. कसं ते पुढे.

## ‘सॉफ्ट लाइट वापरा’ हा सल्ला इथे का फसतो

फोटोग्राफीत कुणालाही विचारलं तर पहिला सल्ला हाच मिळतो, उजेड मऊ करा, दिव्यापुढे पांढरं कापड लावा, लाइट टेंट म्हणजे पांढऱ्या कापडाचा छोटा तंबू आणा. माणसाच्या चेहऱ्याला ते छान. नाण्याला नाही, आणि त्याचं कारण आहे लस्टर.

लस्टर म्हणजे नव्या, न वापरलेल्या नाण्यावरची ती फिरणारी चकाकी. ती पॉलिशने येत नाही. टांकसाळीत दोन डायच्या, म्हणजे ठशांच्या, मध्ये धातूची चकती प्रचंड दाबाखाली सापडते तेव्हा धातू क्षणभर अक्षरशः वाहतो, मधून कडेकडे, आणि या वाहण्याच्या अतिशय बारीक रेघा पृष्ठभागावर उमटतात, सूर्याच्या किरणांसारख्या मधून बाहेर. सीडी तिरकी केली की तिच्यावर उजेडाचा पट्टा कसा फिरतो, तसाच पट्टा या रेघांमुळे नाण्यावर फिरतो. चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो म्हणून संग्राहक त्याला कार्टव्हील म्हणतात.

आता पट्टा दिसायचा तर काही रेघा उजळ आणि काही अंधाऱ्या असायला हव्यात ना. टेंटमध्ये उजेड सगळीकडूनच येतो, प्रत्येक रेघेला कुठला ना कुठला उजेड मिळतोच, मग सगळंच सारखं उजळ, म्हणजेच सपाट. प्लास्टर झालं. शिवाय बारीक ओरखडे, पुसल्याच्या खुणा, उंचवट्यांवरची झीज हे सगळंही त्यात बुडून जातं. त्यामुळे विकत घेणाऱ्यांसाठी एक टीप, नाणं ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणजे न वापरलेलं म्हणून सांगतायत आणि फोटो दुधाळ, एकसारख्या उजेडातला असेल तर दुसरा फोटो मागा. लबाडीच असेल असं नाही, पण त्या फोटोवरून ठरवता काहीच येत नाही.

## मग दिवे ठेवायचे कुठे

नाण्याला घड्याळाची तबकडी समजा. एक छोटा दिवा दहाच्या जागी, एक दोनच्या जागी, दोन्ही लेन्सच्या शक्य तितके जवळ आणि उंच, म्हणजे उजेड बऱ्यापैकी वरून पडेल. छोटा दिवा हे मुद्दाम म्हणतोय, कारण लहान उगमामुळेच पट्टा ठसठशीत येतो. फार टोकदार वाटला तर दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा एक पापुद्रा, बास. नंतर दिवे न हलवता नाणं हळूहळू फिरवत राहा आणि स्क्रीनवर बघत राहा, एका क्षणी चेहरा आणि पट्टा दोन्ही जमून येतात. त्या क्षणापर्यंत पोचायला मला कधीकधी वीस मिनिटं लागतात, घाई असली की हे काम होत नाही.

खालून, म्हणजे सहाच्या जागेवरून मुख्य उजेड कधीही देऊ नका. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळे खालून उजेड दिला की उठावदार चेहरा आत दबलेला दिसायला लागतो. चंद्रावरच्या विवरांचा फोटो उलटा धरला की ती टेकड्यांसारखी दिसतात, तोच प्रकार.

दिवा टेबलाच्या लगत खाली आणला, की उजेड नाण्याला चाटून जातो आणि प्रत्येक खाचेची लांब सावली पडते. नव्या नाण्यावर हा उजेड म्हणजे अन्याय, एरवी नजरेत न येणारे ओरखडेसुद्धा दरीएवढे दिसतात. पण झिजून गुळगुळीत झालेल्या जुन्या नाण्यावरची अक्षरं वाचायची असतील तर याच्यासारखं दुसरं काही नाही, डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कधीकधी वर येतात.

प्रूफ नाण्यांची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांची, तऱ्हा वेगळी. त्यांचं मैदान म्हणजे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र मॅट, दवबिंदू साचल्यासारखं पांढरट. वरून फोटो काढला की मैदानात लेन्सच दिसते आणि लेन्स काळी, म्हणून मैदान काळंभोर येतं आणि चित्र पांढरं उठून दिसतं. ते काळं खोटं नाही, लेन्सचं प्रतिबिंब आहे. ते एकसंध यावं म्हणून लेन्सभोवती काळा कागद मध्ये भोक पाडून बसवायचा, नाहीतर छतावरचा पंखासुद्धा नाण्यात येऊन बसतो.

## काचेची एक जुनी युक्ती

रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीबाहेर बघितलं की काचेत आपला चेहरा दिसतो आणि पलीकडचा रस्ताही दिसतो. काच एकाच वेळी आरसा आणि खिडकी दोन्ही असते. नाण्याच्या फोटोसाठी याचा वापर करतात, नाव आहे अॅक्सियल लाइटिंग. नाणं आणि लेन्स यांच्या मध्ये साधी पातळ काच ४५ अंशांत तिरकी धरायची, बाजूने दिवा मारायचा. काचेवरून थोडा उजेड वळून सरळ खाली नाण्यावर जातो, नाण्यावरून तसाच सरळ वर येतो आणि काचेतून आरपार लेन्समध्ये. म्हणजे लेन्सच्या डोळ्यातूनच उजेड आल्यासारखं. सपाट मैदान लख्ख, उतार काळे, आणि रंग... रंगांचं पुढे सांगतो, तिथेच या युक्तीची खरी किंमत कळते.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. काच जेमतेम दहावा हिस्सा उजेडच खाली पाठवते, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड घ्यायला लागणारा वेळ, लांबतं आणि ट्रायपॉडला पर्याय राहत नाही. दुसरं, लेन्सला काचेत दिव्याच्या समोरची बाजू प्रतिबिंबित दिसत असते, तिथे भिंत किंवा कपाट असेल तर त्याचं भूत फोटोवर पसरतं. तिथे काळा कागद उभा करायचा. दिव्याचा थेट उजेड नाण्यावर पडू नये म्हणून खाली एक आडोसाही लागतो.

## रंगाचा गोंधळ : कॅमेरा अंदाज बांधतो आणि चुकतो

उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विन या एककात मोजतात. साधा पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, निळ्या आकाशाखालची सावली ७००० च्या वर. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आपले डोळे हे सगळं गुपचूप सांभाळून घेतात, पांढरा कागद आपल्याला बल्बखालीही पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला हे सांगावं लागतं, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात.

ऑटोवर ठेवलं की कॅमेरा अंदाज बांधतो. फ्रेमभर सोन्याचं नाणं आहे, त्याला काय दिसतं, सगळीकडे पिवळंच पिवळं. तो ठरवतो की उजेड पिवळा असणार, आणि पिवळा कमी करतो. सोनं पांढुरकं पडतं, अशक्त दिसतं. कॅमेऱ्याची यात चूक नाही, त्याला बिचाऱ्याला सोनं माहीतच नाही.

उपाय स्वस्त आहे, ग्रे कार्ड. म्हणजे कुठल्याच रंगाकडे न झुकणारं राखाडी कार्ड. नाण्याच्या जागी, त्याच दिव्यांखाली आधी कार्डाचा फोटो घ्यायचा, त्यावरून व्हाइट बॅलन्स बसवायचा, मग कार्ड काढून नाणं. कार्डाऐवजी प्रिंटरचा पांढरा कागद चालेल का, तर शक्यतो नको, त्यात कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात आणि त्याने तो निळसर होतो. आणखी नेमकेपणा हवा असेल तर २४ रंगांच्या चौकोनांचं कलर चेकर कार्ड मिळतं.

खिडकीचा उजेड आणि टेबलचा दिवा एकत्र वापरला तर मात्र कार्डही हात टेकतं, कारण नाण्याची एक बाजू निळसर आणि एक पिवळसर, एकच सेटिंग दोघांना कसं पुरेल? पडदा ओढा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा.

## पण एलईडी तर पांढराच असतो ना?

दिसायला पांढरा असतो. पण पांढरा उजेड म्हणजे अनेक रंगांचं मिश्रण, त्यातला एखादा कमी असला तरी डोळ्यांना कळत नाही. पेटीच्या काही पट्ट्या तुटलेल्या असल्या तरी काही गाणी त्यावर ठीकच वाजतात, आणि ज्या गाण्यात नेमका तोच सूर येतो तिथे भगदाड पडतं. स्वस्त एलईडीत ती तुटकी पट्टी बहुतेक वेळा गडद लाल असते. चांदीला फारसा फरक पडत नाही, पण तांब्याचं सगळं सौंदर्यच लालात आहे, आणि दिव्यातच नसलेला लाल तांबं परत पाठवणार कुठून. हा फोटो नंतर कितीही एडिट करा, लाल सगळ्यावरच चढतो, तांबं तांब्यासारखं होत नाही.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेलं असतं, म्हणजे १०० पैकी गुण, दिवा रंग किती खरे दाखवतो याचे. ९५ च्या वरचा घ्या. पण यात एक मेख आहे, हे गुण आठ फिक्या रंगांची सरासरी असतात आणि गडद लाल त्या आठात नाहीच. त्याचा गुण आर९ या नावाने वेगळा देतात, काही कंपन्या देतात, बऱ्याच देत नाहीत. तांब्याची नाणी काढायची असतील तर तो आकडा बघूनच दिवा घ्या.

हा काथ्याकूट एवढा का, तर तांब्याच्या नाण्यांची रंगावरून वर्गवारी होते. पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्या कंपन्या, तांब्याच्या नाण्याला लाल, लाल-तपकिरी किंवा तपकिरी असा शेरा देतात, आणि एकाच प्रकारच्या लाल आणि तपकिरी नाण्याच्या किमतीत चांगलंच अंतर पडू शकतं. आणि तपकिरी नाणं फोटोत लालसर करायला काय लागतं? व्हाइट बॅलन्सची पट्टी बोटभर सरकवायची, झालं.

एक्स्पोजरही रंग बिघडवतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सोन्याचा फोटो जरा जास्त उजळ झाला की आधी लाल रंगाची माहिती काठोकाठ भरते आणि पुढे वाढूच शकत नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि सोनं लिंबासारखं पिवळं दिसायला लागतं. काळ्या कापडावर नाणं ठेवलं की कॅमेरा अंधार समजून उजेड वाढवतो आणि नाणं जळतं, पांढऱ्यावर ठेवलं की उलटं. राखाडी पार्श्वभूमी कंटाळवाणी आहे पण भांडत नाही.

## टोनिंग : एकाच नाण्याचे दोन खरे रंग

आता सुरुवातीच्या भांडणाकडे. चांदीवर हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिल्व्हर सल्फाइडचा अत्यंत पातळ थर चढतो, जुनी कागदी पाकिटं आणि पुठ्ठ्याचे अल्बम याला हातभार लावतात. याला टोनिंग म्हणतात. यातून येणारे निळे-जांभळे रंग म्हणजे शाई किंवा रंगद्रव्य नाही. पाण्यावर तेलाचा तवंग असतो, साबणाचा फुगा असतो, त्यातले रंग जसे येतात तसेच हे. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळतो, काही रंग एकमेकांना खोडतात, काही उठून दिसतात. थर जाड होत गेला की रंग बदलतो, आधी फिकट सोनेरी, मग किरमिजी, मग निळा.

आणि हे रंग फक्त आरशासारख्या परतलेल्या उजेडातच नीट दिसतात. नाणं हातात धरून दिव्याकडे झुकवलं की झळकतात, टेबलावर सपाट पडलं की काळपट. म्हणजे विकणाऱ्याने काचेच्या युक्तीने काढलेला मोरपंखी फोटो खरा, आणि घेणाऱ्याने टेबलावर बघितलेली काळी चकतीही खरी. फोटो खोटा नव्हता, अर्धा होता.

म्हणून टोन झालेल्या नाण्याचे माझ्या मते दोन फोटो द्यायलाच हवेत, एक अॅक्सियल, एक साध्या दोन दिव्यांचा, किंवा मग नाणं हळू झुकवत घेतलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ. संशोधकांनी याच्याही पुढची सोय केलेली आहे. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम मॅल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत कॅमेरा स्थिर ठेवून दिवा वेगवेगळ्या जागी नेत बरेच फोटो घेतात, आणि संगणक ते असे जोडतो की बघणाऱ्याला स्क्रीनवर माउसने दिवा फिरवता येतो. त्याला आरटीआय म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग म्हणतात, वस्तुसंग्रहालयं नाण्यांसाठी आणि शिलालेखांसाठी ते वापरतात.

## एवढं सगळं मोबाइलने होईल का?

बऱ्यापैकी होतं, पण मोबाइलची हुशारी आड येते. जवळ नेलं की बरेच फोन आपोआप मॅक्रो मोडवर जातात, म्हणजे वाइड लेन्स नाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, आणि मग फोनचीच सावली नाण्यावर, दिव्याला जागाच उरत नाही. त्यापेक्षा फोन लांब ठेवून २ किंवा ३ एक्सच्या लेन्सने काढा आणि नंतर कापा. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर, टायमर दोन सेकंद. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स लॉक करा, एचडीआर म्हणजे अनेक फोटो आपोआप एकत्र करणारी सोय बंद, आणि रॉ फाइल म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद मिळत असेल तर तीच घ्या, कारण नेहमीच्या फाइलमध्ये फोन स्वतःच रंग भडक करतो आणि कडा कोरतो.

कॅमेरा असेल तर १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स सोयीची, लांबून काम होतं म्हणून दिवे मध्ये घुसवता येतात. आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता १००, लेन्सचं छिद्र एफ/८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान). त्याच्या फार पुढे जाऊ नका, इतक्या जवळून एफ/८ चं प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागणं सुरू होतं आणि छिद्र आणखी बंद केलं की सगळंच मऊ पडतं. फोकसमध्ये राहणारा थर जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे नाणं आणि सेन्सर समांतर हवेत. यासाठी नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर येईपर्यंत कॅमेरा जुळवा.

## फ्लॅश, पोलरायझर, प्लास्टिकची डबी

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश नको, एक पांढरा डाग आणि लेन्सची सावली एवढंच मिळतं. पोलरायझर फिल्टर काचेवरची, पाण्यावरची चमक काढतो म्हणून लोक आणतात, पण धातूच्या चमकेवर तो एकटा फारसं काही करत नाही, आणि दिव्यांवरही पोलरायझर लावून आडवा-उभा केला तर धातूची चमकच सगळी मारतो. परत प्लास्टर. ग्रेडिंगच्या बंद डबीत नाणं असेल तर काचेची युक्ती विसरा, प्लास्टिकही उजेड सरळ लेन्समध्ये परत फेकतं, तिथे दिवे थोडे खाली आणि बाजूला सरकवत प्रतिबिंब नाण्याच्या बाहेर ढकलणं एवढंच हाती.

## फोटोआधी नाणं पुसून घेऊ का?

नाही. पॉलिश नाही, टूथपेस्ट नाही, मऊ फडकंसुद्धा नाही. लस्टर म्हणजे त्या सूक्ष्म रेघा हे वर सांगितलं, पुसल्याने त्या झिजतात आणि त्यांच्या जागी फडक्याच्या रेघा येतात, ज्या जाणकाराला दिवा फिरवताच दिसतात. धूळ असेल तर रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक थेंब पडतात आणि काही महिन्यांनी तिथे डाग उमटतात. नाणं कडेने धरा, खाली मऊ कापड असू द्या.

## आणि एडिटिंग? ती फसवणूक नाही का?

कशासाठी करताय त्यावर आहे. रॉ फाइल तर कच्चीच असते, कुणीतरी ती शिजवणारच, तुम्ही नाहीतर कॅमेरा. कार्डावरून व्हाइट बॅलन्स बसवणं, उजेड थोडा कमी-जास्त करणं, कापणं, यात मला काही गैर वाटत नाही. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या भडकपणाला, मी हात लावत नाही, आणि ओरखडा पुसणारं टूल उघडतसुद्धा नाही. शेवटी नाणं त्याच दिव्याखाली स्क्रीनच्या शेजारी धरून बघायचं, स्क्रीनचं नाइट मोड बंद आहे ना हे आधी तपासून. मी एकदा एका तांब्याच्या नाण्याचा रंग जुळवण्यात अख्खी संध्याकाळ घालवली होती, जुळला एकदाचा, आणि सकाळी उघडून बघतो तर नाणं निळसर, कारण रात्री आठनंतर माझी स्क्रीन आपोआप पिवळी होते हे मी विसरलो होतो. तो फोटो मी परत पहिल्यापासून केला.